रक्तवाढीच्या इंजेक्शनला दाद न देणारा रक्तक्षय: डायलिसिसवरील एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ. लालबागमधील एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर पत्नी, मुलगा आणि धाकटा भाऊ यांच्यासह त्यांचे वास्तव्य. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. या लेखात त्यांना ‘काका’ म्हटले आहे, कारण डायलिसिस केंद्रात सिस्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे त्यांना तसेच हाक मारत. मधुमेह पंधराहून अधिक वर्षांचा, त्याच्या जोडीला रक्तदाब, आणि या दोहोंमुळे दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डाव्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) होता आणि परळ भागातील एका धर्मादाय केंद्रात आठवड्यातून दोनदा डायलिसिस होत असे. तीनदा व्हावे असा सल्ला होता, परंतु नोकरी आणि खर्च यांचा मेळ घालताना दोनदावर निभावले जात होते. मुंबईत ही तडजोड अपवादाने नव्हे, सर्रास दिसते. धाकट्या भावाने किडनी देण्याची तयारी दाखवली होती आणि त्या दृष्टीने प्राथमिक तपासण्या सुरू झाल्या होत्या. ही शेवटची बाब पुढील निर्णयांत फार महत्त्वाची ठरली.

मूत्रपिंडे रक्त गाळतात हे सर्वांना ठाऊक असते, पण एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरकही मुख्यतः तीच तयार करतात आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा आदेश त्या संप्रेरकाकडून मिळतो, हे रुग्णांच्या घरी क्वचितच कोणी समजावून सांगते. किडनी गेली की तो आदेश थांबतो आणि हिमोग्लोबिन उतरू लागते. प्रयोगशाळेत तयार केलेले हेच संप्रेरक इंजेक्शनच्या रूपात देण्यास अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे रुग्ण त्याला ‘ईपीओ’ किंवा सरळ ‘रक्त वाढायचं इंजेक्शन’ म्हणतात. काकांना आधीच्या रुग्णालयाने ४००० युनिटची तयार सिरिंज आठवड्यातून दोनदा, त्वचेखाली, घरीच घेण्यास सांगितली होती. हे इंजेक्शन त्यांच्या पत्नी देत असत.

समस्या

चार महिने नियमित इंजेक्शन घेऊनही हिमोग्लोबिन ७.६ वरून ७.९ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) पर्यंतच सरकले होते. मधल्या काळात आठवड्याच्या दोन इंजेक्शनांची तीन झाली होती, म्हणजे आठवड्याला १२,००० युनिट. काकांचे कोरडे वजन, म्हणजे डायलिसिसने जादा पाणी काढल्यावरचे वजन, ५६ किलो होते. त्या मानाने ही मात्रा कमी नव्हती. जिना चढताना त्यांना प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबावे लागत होते. कामावर जाणे जवळपास बंद पडले होते.

कुटुंबाच्या दोन मागण्या होत्या. एक, १०,००० युनिटचे ‘मोठे’ इंजेक्शन सुरू करावे. दोन, ते नसेल तर रक्ताच्या दोन पिशव्या चढवून मोकळे व्हावे. मुलाने विचारलेला प्रश्न रास्त होता: “डॉक्टर, औषध लागू पडत नाही तर डोस वाढवायला काय हरकत आहे?”

पहिला निर्णय: रक्त चढवायचे की थांबायचे

रक्त चढवणे हा सर्वांत जलद मार्ग होता आणि डायलिसिस सुरू असतानाच ते देता येते, त्यामुळे शरीरात पाणी साठण्याची भीतीही आटोक्यात राहिली असती. परंतु दुसऱ्याच्या रक्तातील पेशींशी संपर्क आल्यावर रुग्णाच्या शरीरात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि मग प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता मिळणे अवघड होते. घरातच दाता उभा असताना ही जोखीम घेणे म्हणजे आजची धाप कमी करण्यासाठी उद्याची किडनी पणाला लावणे होते.

दुसरीकडे, ७.९ हिमोग्लोबिन असलेल्या मधुमेही माणसाला वाट पाहायला लावणे हेही निर्धोक नव्हते. म्हणून नेफ्रॉलॉजिस्टनी (मूत्रपिंडविकार तज्ज्ञांनी) आधी ईसीजी पाहिला, छातीत दुखते का, बसल्या जागी धाप लागते का, शौचाचा रंग काळा आहे का हे विचारले आणि तिन्ही उत्तरे नकारार्थी आल्यावर रक्त न चढवण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय अटींसह कागदावर लिहिला गेला. छातीत दुखणे, विश्रांतीतही धाप, उघड रक्तस्राव किंवा हिमोग्लोबिनची घसरण यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रक्त द्यायचे, असे त्यात स्पष्ट होते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत जबाबदार कृती हीच होती. नुसते ‘बघू या’ म्हणण्यात आणि काय दिसले की काय करायचे हे आधी ठरवून थांबण्यात मोठे अंतर आहे.

दुसरा निर्णय: मात्रा वाढवण्यापूर्वी शोध

ईपीओ हा केवळ आदेश आहे. अस्थिमज्जेकडे पेशी घडवण्यासाठी लोह नसेल, शरीरात कुठे दाह चालू असेल, डायलिसिस अपुरे असेल, किंवा इंजेक्शनमधील प्रथिनच नासलेले असेल, तर आदेश कितीही मोठ्या आवाजात दिला तरी काम होत नाही. आणि मात्रा वाढवण्याचे धोके खरे आहेत: रक्तदाब चढणे, फिस्टुलात गुठळी होणे, पक्षाघात. त्यामुळे मुलाच्या प्रश्नाला ‘हरकत आहे, आणि ती अशी’ असे सविस्तर उत्तर देणे भाग होते.

तपासण्यांत जीवनसत्त्व बी-१२ ठीक आले, शौचात रक्त आढळले नाही, पॅराथॉर्मोन हे संप्रेरक वाढलेले असले तरी टोकाचे नव्हते. ईपीओविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवणेच थांबवते असा एक दुर्मीळ प्रकार आहे. १९९८ नंतरच्या काही वर्षांत युरोपात त्वचेखाली दिलेल्या एका विशिष्ट उत्पादनाच्या संदर्भात तो ठळकपणे पुढे आला होता. त्यात हिमोग्लोबिन आठवड्यागणिक झपाट्याने कोसळते. काकांचे ते जागच्या जागी खिळलेले होते, म्हणून ती शक्यता मनात ठेवून मागे सारली गेली.

खरा घोटाळा लोहाच्या अहवालात होता. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा निर्देशक, १८० आले होते आणि लॅबच्या कागदावर शेजारी छापलेल्या मर्यादेत ते अगदी आरामात बसत होते. ना तारा, ना ठळक अक्षर. आधीच्या दोन अहवालांतही तसेच होते आणि त्यामुळे ‘लोह चांगलं आहे’ हे घरात पक्के झाले होते. मात्र ती छापील मर्यादा निरोगी माणसांसाठी असते. मूत्रपिंडविकारावरील केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, डायलिसिसवरील रुग्णात फेरिटिन ५०० पर्यंत आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती भरलेले आहे ते) ३० टक्क्यांपर्यंत असले तरी शिरेतून लोह देऊन पाहण्याचा विचार करता येतो. काकांचे सीरम लोह ३४ आणि लोहधारण क्षमता २४० होती. भागाकार केला की सॅच्युरेशन निघते १४ टक्के. हा आकडा अहवालात छापलेलाच नव्हता. सिस्टरनी तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढून अहवालाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिला, आणि प्रकरणाची दिशा तिथून बदलली.

फेरिटिनविषयी आणखी एक सावधगिरी होती. शरीरात दाह असेल तर ते फुगते, म्हणजे साठा रिकामा असूनही भरलेला दिसतो. दाह दाखवणारे सीआरपी थोडे वाढलेले होते. त्याचे कारण शोधताना सिस्टरनी काकांना मोजे काढायला सांगितले. डाव्या पायाच्या करंगळीखाली चिघळलेली जखम होती. मधुमेहाने पायाची संवेदना गेल्यामुळे त्यांना ती जाणवलीच नव्हती.

लोहाच्या गोळ्या ते घेत होते. परंतु डायलिसिसच्या रुग्णात हेप्सिडिन हे लोहाचे शोषण रोखणारे संप्रेरक वाढलेले असल्याने आतड्यातून लोह मुळातच कमी शोषले जाते. त्यात भर अशी की, फॉस्फरस कमी करणारी कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी ते जेवताना एकत्रच घेत होते, आणि कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते. चार महिन्यांच्या त्या गोळ्यांतून पोटदुखी आणि बद्धकोष्ठ यांखेरीज फारसे काही पदरात पडले नसावे.

फ्रिजचा फोटो

ईपीओ हे प्रथिन आहे. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, प्रकाशापासून दूर ठेवावे लागते. ते गोठू द्यायचे नसते आणि जोराने हलवायचेही नसते. केंद्रातील सिस्टरनी काकांच्या पत्नीला नुसते “फ्रिजमध्ये ठेवता ना?” असे विचारले असते तर उत्तर ‘हो’ आले असते, आणि ते खरेही होते. त्यांनी तसे न विचारता, “ताई, आज घरी गेल्यावर फ्रिज उघडून इंजेक्शन जिथं ठेवता तिथला फोटो पाठवा,” असे सांगितले.

फोटोत एका दाराचा जुना फ्रिज होता. सिरिंजची खोकी फ्रीझरच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ‘जितकं गार तितकं चांगलं’ या समजुतीने. त्याच ट्रेमधल्या कोथिंबिरीच्या जुडीचे टोक बर्फाने पांढरे पडून काचेसारखे झाले होते. म्हणजे सिरिंजही कधीतरी गोठून पुन्हा वितळल्या असण्याची दाट शक्यता होती, आणि गोठून वितळलेले ईपीओ डोळ्यांना स्वच्छ, पारदर्शकच दिसू शकते.

पुढे चौकशीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. मुलगा मरीन लाइन्सजवळ नोकरीला होता आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषधबाजारात भाव कमी पडतो म्हणून महिन्याभराची इंजेक्शने दुपारच्या सुट्टीत घेऊन ठेवत असे. दुकानदार बर्फाची पिशवी घालून देत असे, पण संध्याकाळी सातला लोअर परळला लोकलमधून उतरेपर्यंत त्या पिशवीचे कोमट पाणी झालेले असे. काही उत्पादनांच्या माहितीपत्रकात २५ अंशांपर्यंत थोड्या दिवसांची सवलत असते खरी, परंतु मे महिन्यातल्या मुंबईत बंद बॅगेच्या आत २५ अंश कुठून आणायचे? दुसरी गोष्ट म्हणजे मुलांच्या अँटिबायोटिकची बाटली हलवावी तशी काकांच्या पत्नी सिरिंज देण्याआधी नीट हलवून घेत असत. हे सगळे त्यांनी निष्ठेने, काळजीने केले होते. चार महिन्यांत त्यांना हे कोणी दाखवूनच दिले नव्हते.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. काकांच्या शरीराला आठवड्याला १२,००० युनिट मिळत होते, असे गृहीत धरायचे का? कागदावर मात्रा तीच होती, पण त्यातले किती जिवंत होते हे कोणालाच सांगता येत नव्हते. नेफ्रॉलॉजिस्टनी ठरवले की घरातला उरलेला साठा टाकून द्यायचा, नवीन सिरिंज दुकानातून शीतपेटीत थेट केंद्रात आणायच्या, केंद्राच्या फ्रिजमध्ये काकांच्या नावाच्या डब्यात ठेवायच्या, आणि डायलिसिस संपल्यावर सिस्टरनीच इंजेक्शन द्यायचे. मात्रा मात्र १२,००० वरून पुन्हा ८००० युनिट, म्हणजे दर डायलिसिसला ४०००. हिमोग्लोबिन कमी असताना डोस उतरवणे कुटुंबाला उलटे वाटले. पण चांगल्या प्रतीचे औषध आणि लोह एकाच वेळी मिळू लागल्यावर १२,००० युनिटने हिमोग्लोबिन उसळले असते, आणि वेगाने वाढणारे हिमोग्लोबिन हेही संकटच असते.

लोह: कोणते, किती आणि कधी

शिरेतून द्यायच्या लोहाचे तीन पर्याय चर्चेत आले. आयर्न डेक्स्ट्रान जुने औषध, पण तीव्र ॲलर्जीच्या इतिहासामुळे ते बाजूला ठेवले गेले. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज मोठ्या मात्रेत एका बैठकीत देता येते म्हणून गर्भवती स्त्रियांसाठी वगैरे सोयीचे पडते. मात्र हिमोडायलिसिसच्या रुग्णासाठी त्याच्या युरोपीय माहितीपत्रकात एका वेळची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे तो फायदा उरत नाही. काका आठवड्यातून दोनदा मशीनवर येतच होते. म्हणून आयर्न सुक्रोज निवडले: १०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये, डायलिसिस सुरू असताना अर्ध्या तासात, अशा दहा मात्रा. एकूण १००० मिलिग्रॅम.

सुरुवात मात्र लगेच केली नाही. पायाच्या जखमेत संसर्ग होता आणि सक्रिय संसर्गात शिरेतून लोह देणे टाळतात, कारण लोह जंतूंनाही हवेच असते. जखमेची स्वच्छता, ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक पूर्ण होऊन सीआरपी उतरेपर्यंत लोह थांबले. या काळात काकांचा धीर सुटत चालला होता आणि ‘रक्त तरी चढवा’ ही मागणी पुन्हा आली. लिहून ठेवलेल्या अटी इथे उपयोगी पडल्या. त्यांतली एकही घडलेली नव्हती.

पहिल्या मात्रेच्या वेळी रक्तदाब आधी, मध्ये आणि नंतर मोजला. ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी होते आणि लोह संपल्यावर अर्धा तास सिस्टर नजर ठेवून होत्या. आधी थोडेसे औषध ‘टेस्ट डोस’ म्हणून देण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे. युरोपीय औषध संस्थेने २०१३ साली तिच्याविरुद्ध सल्ला दिला, कारण टेस्ट डोस निभावला म्हणून पुढची मात्रा निर्धोक ठरत नाही आणि उगाच निर्धास्तपणा येतो. या केंद्रानेही तो दिला नाही, पण प्रत्येक मात्रेला पहिल्याइतकीच देखरेख ठेवली. हे महत्त्वाचे आहे. पाचव्या-सहाव्या मात्रेला सगळेच सैलावतात.

वेग वाढला तेव्हा

तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन ८.४ झाले आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या पेशी, वाढलेल्या दिसल्या. पाचव्या आठवड्यात ते ९.७ वर पोहोचले. घरी आनंद झाला, कारण काका पहिल्यांदाच न थांबता दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले होते. केंद्रात मात्र चार्टवर लाल शाईने खूण झाली: दोन आठवड्यांत १.३ ची वाढ. दोन आठवड्यांत एकाहून अधिक वाढ झाल्यास मात्रा सुमारे चतुर्थांशाने कमी करावी असा दंडक आहे. शिवाय रक्तदाब १४०/८४ वरून १६८/९६ पर्यंत गेला होता आणि काका सकाळी डोके जड होत असल्याचे सांगत होते. ईपीओवरील रुग्णाची डोकेदुखी ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून द्यायची नसते.

पर्याय तीन होते: ईपीओ पूर्ण बंद करणे, मात्रा कमी करणे, किंवा तीच ठेवून फक्त रक्तदाबाची गोळी वाढवणे. बंद केले तर हिमोग्लोबिन काही आठवड्यांत पुन्हा घसरते आणि मग वर-खाली असा झोका सुरू होतो. केवळ गोळी वाढवणे म्हणजे कारण तसेच ठेवण्यासारखे होते. अखेर त्या दिवसाचे इंजेक्शन रोखले, पाणी थोडे जास्त काढून कोरडे वजन एक किलोने खाली आणले, रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ बदलली, आणि रक्तदाब आटोक्यात आल्यावर आठवड्याला ६००० युनिटने, म्हणजे एकदा ४००० आणि एकदा २०००, पुन्हा सुरुवात केली.

याच सुमारास गणपती जवळ आले होते आणि मुलाने दुसऱ्यांदा एक रास्त प्रश्न विचारला. अहवालावर पुरुषांसाठी १३ ही किमान मर्यादा छापलेली असताना डॉक्टर ११ च्या आतबाहेर का थांबायचे म्हणतात? पहिल्या खेपेला छापील मर्यादेने कमी लोहाला पुरेसे ठरवले होते. आता तीच मर्यादा पुरेशा हिमोग्लोबिनला कमी ठरवत होती. डायलिसिसवरील हृदयरुग्णांचे हिमोग्लोबिन ईपीओने निरोगी माणसाइतके वाढवून पाहणारा अमेरिकेतील अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला आणि त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेही मूत्रपिंडरुग्णांवरील मोठ्या अभ्यासात १३ चे लक्ष्य ठेवलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. २०११ साली अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरील इशारा अधिक कडक केला. केडिगोच्या सूचनांतही साधारणपणे ११.५ च्या वर न ठेवण्याचा सल्ला आहे. हे सांगितल्यावर मुलगा काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “मग कागदावर तसं छापत का नाहीत?” याला केंद्रातल्या कोणाकडेच समाधानकारक उत्तर नव्हते.

निष्पत्ती

दहा मात्रा पूर्ण झाल्यावर, लोहाचा तात्पुरता परिणाम ओसरावा म्हणून आठवडाभर थांबून पुन्हा तपासणी केली. सॅच्युरेशन २९ टक्के आणि फेरिटिन ४१० आले. हिमोग्लोबिन १०.६ वर स्थिरावले आणि पुढचे तीन महिने १०.३ ते ११ च्या दरम्यान राहिले. ते दर वेळी आठवड्यातल्या एकाच ठरावीक डायलिसिसपूर्वी मोजले गेले, कारण दोन डायलिसिसमधल्या लांब खंडानंतर शरीरात साठलेल्या पाण्याने रक्त पातळ होऊन आकडा फसवा येतो. लोहाची देखभाल मात्रा पंधरवड्याला १०० मिलिग्रॅम ठेवली. ईपीओची मात्रा आधीच्या निम्मी, म्हणजे खर्चही निम्मा. रक्ताची एकही पिशवी लागली नाही. काका कामावर परतले, अर्धा दिवस का होईना. भावाच्या तपासण्या पुढे सरकल्या आहेत, त्यांचा निकाल या लेखनापर्यंत आलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

मात्रा दोनाची तीन केली गेली, त्याच टप्प्यावर सॅच्युरेशन काढायला हवे होते. लोहाचा साठा न तपासता ईपीओ वाढवणे ही अनेक ठिकाणची सवय आहे आणि इथे तिने काही महिने खाल्ले.

घरी इंजेक्शन देणे हा पर्याय चूक नव्हता. चाळीतल्या घरातही ते सुरक्षितपणे देता येते, फक्त फ्रिजच्या मधल्या फळीवर, भिंतीपासून दूर, दारात नाही आणि फ्रीझरखाली तर नाहीच, एवढे पहिल्या दिवशी दाखवून द्यायला हवे. इंजेक्शन पोटावर बेंबीपासून दोन बोटे तरी सोडून, मांडीवर किंवा फिस्टुला नसलेल्या दंडावर, दर वेळी जागा बदलून द्यायचे, हेही काकांच्या पत्नीला फोनवर ऐकून समजले होते. प्रत्यक्ष करून दाखवले असते तर ते अधिक उपयोगी पडले असते. पंधरा दिवसांचाच साठा घ्यावा आणि तो संध्याकाळी घरी जाताना घ्यावा, हा साधा बदल मुलाने नंतर स्वतःच सुचवला.

पायाच्या जखमेबाबत केंद्राची पद्धत अपुरी होती. मधुमेही रुग्ण आठवड्यातून दोनदा चार-चार तास समोर झोपलेला असतो, तरी त्याचे पाय पाहण्याचे काम कोणाकडेच नेमून दिलेले नव्हते. आता महिन्याच्या पहिल्या डायलिसिसला सर्वांचे मोजे काढले जातात.

एक मुद्दा अनिर्णित राहतो. लोह आणि नवीन सिरिंज जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्याने सुधारणेत कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. आधी फक्त लोह देऊन महिनाभर पाहिले असते तर उत्तर मिळाले असते, परंतु धाप लागणाऱ्या माणसाला केवळ आपल्या कुतूहलासाठी महिना थांबवणे कोणालाच पटले नाही. गोठल्याचा संशय असलेल्या सिरिंजचे बॅच क्रमांक मात्र टाकण्यापूर्वी लिहून ठेवायला हवे होते. ते राहून गेले. आता केंद्रात इंजेक्शन दिल्यावर खोक्यावरचा बॅच क्रमांक कापून चार्टला चिकटवतात.